बऱ्हाणपूरचे पाणी आणि पृथ्वीचा जमाखर्च

उत्तरेस सातपुड्याची रांग, दक्षिणेस तापीचे पात्र, आणि या दोहोंमधल्या उतारावर शनवाऱ्याच्या दरवाजापासून नदीकाठच्या राजघाटापर्यंत पसरलेले बऱ्हाणपूर शहर. फारुकी सुलतानांनी त्याला राजधानीचा मान दिला, मोगलांनी दक्षिणेच्या कारभाराचे ठाणे येथे ठेवले, पुढे मराठे आले, इंग्रज आले, १९५६ पर्यंत नागपूर ज्याची राजधानी होती त्या जुन्या मध्यप्रदेशात ते राहिले, आणि आज भोपाळच्या अमलाखाली ते एक स्वतंत्र जिल्ह्याचे गाव आहे. इतक्या सत्तांतरांतून हे शहर तगून राहिले त्याची कारणे इतिहासकार अनेक सांगतील. परंतु त्यांतले एक मोठे कारण जमिनीच्या पोटात आहे, आणि ते म्हणजे येथील पाण्याची तजवीज. पृथ्वीचे तापमान वाढत आहे, ऋतुमान पालटत आहे, ही वार्ता आता खेडोपाडी पोचली आहे. पण ती बहुधा ध्रुवप्रदेशात वितळणाऱ्या हिमाच्या आणि समुद्रात बुडू पाहणाऱ्या दूरच्या बेटांच्या रूपाने पोचते, आणि त्यामुळे तिचा आपल्या विहिरीशी व आपल्या केळीच्या बागेशी नेमका संबंध काय, हे सामान्य वाचकाला उमगत नाही. तो संबंध समजून घ्यावयाचा तर बऱ्हाणपुराइतके उचित स्थळ क्वचितच सापडेल. कारण चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी पावसाचा जमाखर्च मांडून तो येथे दगडचुन्यात बांधून ठेवलेला आहे.

इ. स. १६१५ च्या सुमारास, मोगल सरदार खानखानान अब्दुर्रहीम याच्या अमदानीत, तबकुतुल अर्ज नावाच्या एका इराणी भूजलतज्ज्ञाच्या योजनेप्रमाणे येथे जे काम उभे राहिले, त्याला आज कुंडी भंडारा किंवा खुनी भंडारा म्हणतात. सातपुड्यावर पडलेला पाऊस पायथ्याच्या सच्छिद्र थरांत मुरतो आणि जमिनीखालून, दृष्टीस न पडता, तापीकडे सरकत जातो, हे त्या तज्ज्ञाने हेरले. आणि नदीत मिसळून जाण्यापूर्वी ते पाणी वाटेतच धरण्यासाठी त्याने एका ओळीत शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे विहिरी, खोदविल्या आणि त्यांचे तळ एका भुयाराने परस्परांस जोडले. भुयाराला दिलेला उतार असा बेताचा, की पाणी आपल्याच वजनाने वाहत शहराच्या बाजूस येते; त्याला मोट लागत नाही, रहाट लागत नाही, बैलजोडी लागत नाही. इराणातील कनातींची, म्हणजे भुयारी कालव्यांची, ही विद्या दख्खनेत आली तेव्हा औरंगाबादेस मलिक अंबराने तिच्याच आधारे नहरी बांधल्या, हे मराठी वाचकाला ठाऊक आहेच. बऱ्हाणपूरच्या या जलयोजनेचे नाव २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाले. पण तिचे खरे महत्त्व तिच्या प्राचीनतेहून तिच्यामागील विचारात अधिक आहे. डोंगर जितके मुरवील तितकेच शहराने घ्यावे, असा तो विचार होता. भुयाराच्या पातळीखालचे पाणी उपसण्याचे साधनच त्या योजनेत नाही, त्यामुळे मुद्दलाला हात लावणे शक्यच नव्हते, आणि शहर चालले ते केवळ वार्षिक व्याजावर.

मात्र या विचाराला एक गृहीत लागते, आणि ते असे, की पाऊस एखाद्या वर्षी कमी, एखाद्या वर्षी जास्त झाला तरी अनेक वर्षांच्या सरासरीत तो आपल्या ठरलेल्या मर्यादेत राहील, आणि जमिनीत मुरण्याजोग्या रीतीनेच पडेल. तीस वर्षांच्या अशा सरासरीला शास्त्रज्ञ हवामान म्हणतात. एका दिवसाचे ऊन किंवा एका हंगामाची अवर्षणाची झळ म्हणजे हवामान नव्हे. माणसाने बांधलेले प्रत्येक धरण, पेरणीचा प्रत्येक ठोकताळा आणि पुलाची प्रत्येक कमान त्या सरासरीच्या भरवशावर उभी असते. तीच सरासरी आता हलू लागली आहे. आणि ती का हलली, हे पाहण्यासाठी बऱ्हाणपूर क्षणभर बाजूस ठेवून सबंध पृथ्वीचा ताळेबंद उघडावा लागतो.

पृथ्वीला उष्णता मिळण्याचा मार्ग एक, सूर्यप्रकाश. आणि ती गमावण्याचाही मार्ग एकच, अवकाशात अदृश्य अवरक्त किरण फेकणे. दिवस आणि रात्र, विषुववृत्त आणि ध्रुव या सर्वांची सरासरी धरली, तर वातावरणाच्या माथ्यावर दर चौरस मीटरला सुमारे ३४० वॉट ऊर्जा सूर्याकडून जमा होते. त्यांपैकी सुमारे १०० वॉट ढग, हिम आणि वाळवंटे परस्पर परावर्तित करतात, आणि उरलेली सुमारे २४० वॉट ऊर्जा जमीन, समुद्र व हवा शोषून घेतात. तितकीच ऊर्जा पृथ्वीने परत खर्ची टाकली तर हिशेब जुळतो. वातावरणच नसते तर हा हिशेब शून्याखाली १८ अंश सेल्सियसच्या आसपास जुळला असता आणि समुद्र गोठून गेले असते. प्रत्यक्षात भूपृष्ठाचे सरासरी तापमान शून्यावर सुमारे १५ अंश आहे. हा जो ३३ अंशांचा फरक, तोच जीवसृष्टीचा आधार होय, आणि तो घडवून आणणारे वायू हवेत अत्यल्प आहेत. कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा; ते दोघे अवरक्त किरणांना अडवीत नाहीत. अडवितात ते पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन इत्यादी वायू. ते हे किरण शोषतात आणि पुन्हा सर्व दिशांना, अर्थात खालीही, सोडतात. त्यामुळे उष्णतेची अखेरची सुटका जमिनीवरून न होता आकाशातील उंच व थंड थरांतून होते. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला, की सुटकेचा हा थर आणखी वर, म्हणजे आणखी थंड जागी जातो. थंड थर कमी ऊर्जा सोडतो. जमा पूर्ववत राहून खर्च घटतो आणि शिल्लक साचू लागते. ही शिल्लक नव्वद टक्क्यांहून अधिक प्रमाणात समुद्रात जाते, उरलेली जमीन, हिम व हवा यांच्या वाट्याला येते, आणि भूपृष्ठ पुरेसे तापून जमाखर्च पुन्हा जुळेपर्यंत हे साचणे थांबत नाही.

हे ज्ञान अलीकडचे नाही. फ्रान्समधील जोसेफ फूरिए या गणितज्ञाने १८२४ साली वातावरण उष्णतेला रोखून धरते हा विचार मांडला. अमेरिकेतील युनिस फूट या विदुषीने १८५६ साली काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून ते उन्हात ठेवले, आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत अधिक तापते व सर्वांत सावकाश निवते हे दाखवून, असा वायू हवेत अधिक असेल तर पृथ्वी अधिक उष्ण होईल असा निष्कर्ष काढला. लंडनच्या जॉन टिंडलने १८५९ पासून कोणता वायू उष्णतेचे किरण किती शोषतो याची काटेकोर मोजमापे घेतली; आणि १८९६ साली स्वीडनच्या स्वान्ते आर्ऱ्हेनियस याने कागदपेन्सिलीने दीर्घ आकडेमोड करून, हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वीचे तापमान पाच-सहा अंशांनी चढेल, असे अनुमान केले. आजचे शास्त्रज्ञ सर्व पुरावा तोलून हा आकडा तीन अंशांच्या आसपास धरतात. ज्या काळी मोटारी रस्त्यांवर नुकत्याच येऊ घातल्या होत्या, त्या काळी एकट्या माणसाने केलेले हे गणित दिशेने अचूक आणि प्रमाणानेही फारसे दूर नव्हते, यावरून या शास्त्राचा पाया किती पक्का आहे हे दिसून येईल.

अनुमानाला मोजणीची जोड मिळाली ती १९५८ साली. चार्ल्स कीलिंग या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर हवेतील कार्बन डायऑक्साइडची अखंड नोंद सुरू केली, तेव्हा त्याचे प्रमाण दर दशलक्ष भागांत सुमारे ३१५ होते. २०२४ साली ते ४२० च्या वर होते. यंत्रयुगापूर्वी ते सुमारे २८० होते, आणि दक्षिण ध्रुवाकडील बर्फाच्या थरांत अडकून राहिलेल्या प्राचीन हवेच्या बुडबुड्यांवरून असे सिद्ध झाले आहे, की गेल्या आठ लाख वर्षांत ते कधीही आजच्या जवळपासदेखील पोचले नव्हते. हा वाढीव कार्बन माणसाच्याच हातचा कशावरून, अशी शंका कोणी घेईल, तर तिचे उत्तर कार्बनच्या अंगावरच लिहिलेले आहे. कोळसा व खनिज तेल हे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवांचे अवशेष. सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा होणारा किरणोत्सर्गी कार्बन-१४ त्यांत मुळीच उरलेला नसतो, आणि वनस्पतींना हलका कार्बन अधिक मानवत असल्यामुळे त्यांत कार्बन-१३ देखील कमी असतो. हवेतील या दोन्ही प्रकारांचे प्रमाण जसे घटत गेले, तसे ते केवळ जुन्या इंधनाच्या ज्वलनानेच घटू शकते. शिवाय ज्वलनात ऑक्सिजन खर्ची पडतो, आणि हवेतील ऑक्सिजनही त्याच हिशेबाने किंचित उतरत आहे. मनुष्यजात आपल्या इंधनातून जो कार्बन डायऑक्साइड सोडते त्यांपैकी सुमारे निम्मा समुद्र व वनस्पती शोषून घेतात. उरलेला निम्मा हवेत राहतो, आणि त्याचा काही अंश सहस्रावधी वर्षे राहणार आहे.

या निष्कर्षावर आक्षेप दोन घेतले जातात, आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा, की सूर्यच अधिक तापला असेल. आपल्याकडे रोहिणीतील नवतपा ठरलेल्या तारखेला लागतो आणि मृगही ठरलेल्या दिवशी निघतो, म्हणजे सूर्याचे भ्रमण तर आपल्या नियमाने चालू आहे. त्याच्या तेजाचे म्हणावे, तर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह ते सतत मोजीत आले आहेत आणि त्यात वाढीचा कल आढळलेला नाही. शिवाय सूर्य हे कारण असते तर वातावरण खालपासून वरपर्यंत सर्वत्र तापावयास हवे होते. प्रत्यक्षात खालचा थर तापत असताना वरचा, स्थितांबर नावाचा थर निवत चालला आहे, आणि ही खूण वायूंनी अडविलेल्या उष्णतेचीच आहे.

दुसरा आक्षेप आपल्या अनुभवातून येतो: दुष्काळ पूर्वीही पडत होते. खरेच पडत होते, आणि त्यांतला एक अत्यंत भीषण दुष्काळ याच बऱ्हाणपुराने पाहिला. तुकोबांच्या चरित्रातून ज्याची हकीकत प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे, तो १६३० चा दुष्काळ गुजरात, खानदेश व दख्खन या तिन्ही प्रांतांवर कोसळला तेव्हा शहाजहान बादशहा स्वतः बऱ्हाणपुरात तळ देऊन होता. त्याने लंगरखाने उघडविले, दर सोमवारी पाच हजार रुपये खैरात वाटण्याचा हुकूम दिला, असे त्याचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो. आणि त्याच धामधुमीत १६३१ च्या जूनमध्ये मुमताजमहल येथेच निवर्तली. तो दुष्काळ कार्बनने आणला नव्हता. परंतु त्यावरून आजचे संकट खोटे ठरविता येत नाही. उलट एवढेच ठरते, की ज्या भूमीचे नशीब चार महिन्यांच्या पावसाशी बांधलेले आहे, तिला निसर्गाची स्वाभाविक लहरदेखील पेलवत नव्हती, आणि त्या लहरीवर आता मनुष्यनिर्मित ओझे चढत आहे. एका वर्षाचे अवर्षण किंवा पूर हा पुरावा नव्हे, ना इकडचा ना तिकडचा. पुरावा असतो तो दशकांच्या नोंदींत.

आणि अशा नोंदी ठेवण्याची परंपरा आपल्या देशात जुनी आहे. १८७५ साली हिंदुस्थान सरकारने हवामान खाते स्थापन केले. त्याचा पहिला अधिकारी हेन्री ब्लॅनफर्ड याने १८७६ ते १८७८ च्या घोर दुष्काळानंतर हिमालयातील हिमाचा मॉन्सूनशी असलेला संबंध शोधला, आणि त्याच्या गादीवर पुढे आलेल्या गिल्बर्ट वॉकरने प्रशांत व हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाच्या झोक्यांचा पावसाशी मेळ घातला, ज्यातून आजचे एल निनोचे शास्त्र विस्तारले. खात्याचे मुख्यालय १९२८ साली पुण्यास आले, आणि १९६२ साली त्याच शहरी उष्णदेशीय हवामानशास्त्राची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. या नोंदी व हा अभ्यास काय सांगतो? केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले; १९५१ ते २०१५ या काळात मॉन्सूनचा एकंदर पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला; पावसाळ्यातील कोरडे खंड १९५१ ते १९८० च्या तुलनेने १९८१ ते २०११ या काळात २७ टक्क्यांनी अधिक झाले; आणि मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळण्याचे प्रसंग १९५० पासून २०१५ पर्यंत सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. पुण्याच्याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली असे दाखवून दिले, की विस्तीर्ण प्रदेशावर एकाच वेळी होणारी अतिवृष्टी मध्य भारतात याच काळात तिप्पट झाली आहे. ज्या पट्ट्याचा हा अभ्यास आहे, त्यात बऱ्हाणपूर येते.

एकंदर पाऊस घटावा आणि मुसळधार पाऊस वाढावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते, पण तिचे कारण साधे आहे. हवा एका अंशाने तापली तर ती सुमारे ७ टक्के अधिक वाफ धारण करू शकते. त्यामुळे ढगांना भरण्यास वेळ लागतो आणि ते रिते होतात तेव्हा एकदम होतात. तापलेला अरबी समुद्र त्यांना अधिक वाफ पुरवितो. दुसऱ्या बाजूने, कारखाने, चुली व वाहने यांच्या धुरातील सूक्ष्म कणांनी जमिनीवर पोचणारे ऊन मंदावले आणि समुद्र मात्र तापत गेला, तेव्हा मॉन्सूनच्या वाऱ्यांना ओढणारा जमीन व समुद्र यांच्यातील तापमानाचा भेद क्षीण झाला. अशा रीतीने तोच पावसाळा थोड्या दिवसांत अधिक आणि पुष्कळ दिवसांत काहीच नाही, असा विभागला जाऊ लागला.

याचा कुंडी भंडाऱ्याच्या विचाराशी काय संबंध आहे, तो आता ध्यानात येईल. जमिनीची पाणी पिण्याची गती ठरलेली असते. सातपुड्याच्या पायथ्याशी, बऱ्हाणपुरापासून रावेर व यावलपर्यंत, दगडगोटे, वाळू व गाळ यांचा एक पट्टा आहे, ज्याला भूवैज्ञानिक बझाडा म्हणतात. तापीच्या खोऱ्यातील पाणी मुरविण्याचे मुख्य तोंड तेच. संथ झडीचा पाऊस आठ दिवस पडला तर हा पट्टा ते पाणी पोटभर पितो. तितकाच पाऊस दोन प्रहरांत कोसळला तर तो ओढ्यानाल्यांतून गढूळ लोंढा होऊन तापीस मिळतो, आणि उकाईच्या धरणातून सुरतेकडे व समुद्राकडे निघून जातो. पर्जन्यमापकात दोन्ही वर्षांची नोंद सारखीच होईल. विहिरीत ती सारखी होणार नाही. जिल्ह्याच्या दफ्तरी पाऊस सरासरीइतका लागलेला असूनही चैत्रात विहीर तळ दाखविते, याचे एक कारण हे आहे.

या प्रदेशाचे जीवन ज्या पिकावर उभे आहे, त्या केळीच्या दृष्टीने हे अधिकच गंभीर ठरते. बऱ्हाणपूर असो की सरहद्दीपलीकडचे रावेर, मृगबाग असो की कांदेबाग, केळ हे वर्षाहून अधिक काळ शेतात उभे राहणारे, आणि या काळात अठराशे ते दोन हजार मिलिमीटर पाणी मागणारे पीक आहे. आणि येथे आकाशातून पडणारे पाणी त्याच्या निम्म्याच्या आसपास. बाकीचे सर्व जमिनीखालून काढावे लागते. तापमान ३८ अंशांवर गेले की केळीची वाढ खुंटू लागते. वैशाखात पारा ४५ कडे चढतो, उष्ण वारे सुटतात, पाने करपतात, कोवळे घड सटकतात. म्हणून जाणते शेतकरी बागेच्या कडेने शेवरीचे कुंपण लावून वारा अडवितात. हिवाळ्यात थंडीची तीव्र लाट आली तरी केळ तितकेच पोळते, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी वादळी वारा सुटला तर उभी बाग तासाभरात आडवी होते. ज्या पिकाला वर्षभर समतोल ऋतू हवा, त्याच्या वाट्यास टोकाचे ऋतू येणे, याहून मोठे नुकसान नाही. आणि पिकापेक्षा अधिक चिंता माणसांची. दिवसाचे ऊन सहन करणारे शरीर रात्रीच्या गारव्यात सावरत असते. परंतु रात्री निवेनाशा झाल्या, आणि हवेत वाफ वाढून घाम सुकेनासा झाला, की घड वाहणारा मजूर आणि यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये बारा तास उभा राहणारा विणकर, या दोघांच्या शरीराला सावरण्याची संधीच मिळत नाही.

येथवर वाचून कोणी असे म्हणेल, की हे सर्व जगाने केले, आता आपण काय करणार? या प्रश्नापाशी विवेकाची खरी कसोटी आहे. बऱ्हाणपूरच्या पाण्यावर दोन निरनिराळ्या खात्यांतून खर्च पडतो, आणि ती खाती एकमेकांत मिसळू देता कामा नयेत. हवेतील कार्बन हे जागतिक खाते. ते एका जिल्ह्याच्या हातचे नाही. परंतु विंधन विहिरी खोल खोल जात पाणी पाताळास गेले, ते मुख्यतः उपशामुळे. जितके मुरते त्याहून अधिक आपण वर्षानुवर्षे काढीत आलो. डोंगर उघडा पडला, तो कुऱ्हाडीमुळे. नेपानगरच्या ज्या सलईच्या अरण्यावर स्वतंत्र भारतातील वृत्तपत्रांच्या कागदाचा पहिला कारखाना उभा राहिला, त्याच परिसरात अलीकडच्या वर्षांत अतिक्रमणासाठी उभी जंगले सपाट करण्यात आली. हे स्थानिक खाते आहे आणि त्याचे उत्तरदायित्व स्थानिकच आहे. जागतिक तापमानवाढीच्या नावाखाली ते खपवून टाकणे हा आपल्या पोराबाळांच्या वाट्याचा अपहार होय. २०२२ च्या जुलैमध्ये प्रत्येक ग्रामीण घरास नळ दिलेला देशातील पहिला जिल्हा म्हणून बऱ्हाणपूर प्रमाणित झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण नळाला पाणी द्यावयाचे ते याच जमिनीने.

दोन्ही खाती एका ठिकाणी मात्र जोडलेली आहेत, आणि ती जागा पाहण्याजोगी आहे. पाणी जितके खोल जाते तितकी पंपाला वीज अधिक लागते. आणि या प्रदेशातील वीज अद्यापि मोठ्या प्रमाणात कोळशाची आहे, मग ती भुसावळच्या दीपनगरची असो की खंडवा जिल्ह्यातील सिंगाजी केंद्राची. अतिउपशाने विहीर खोल गेली, खोल विहिरीने कोळसा अधिक जाळला, कोळशाने ऋतू बिघडविले, आणि बिघडलेल्या ऋतूंनी मुरणारे पाणी घटवून विहीर पुन्हा खोल नेली, असे हे चक्र आहे. खानखानानाच्या भुयारातून शहरात येणाऱ्या पाण्याला एक मासा इंधन लागत नव्हते. त्या काळाकडे परत जाता येणार नाही. परंतु पाणी वर, जमिनीजवळ ठेवणे हाच त्याच्या उपशाचा सर्वांत स्वस्त व सर्वांत निर्मळ मार्ग आहे, हे तत्त्व आजही तितकेच खरे आहे.

न्यायाचा विचारही येथे केला पाहिजे. भारत आज एकूण उत्सर्जनात जगात तिसरा आहे हे खरे. पण दर माणशी पाहिले तर आपला हिस्सा वर्षाला सुमारे दोन टन, म्हणजे जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी, आणि अमेरिकन माणसाच्या सुमारे सातव्या हिश्शाइतका. दीड-दोनशे वर्षे ज्या राष्ट्रांनी कोळसा जाळून वैभव मिळविले, त्यांनी आपले उत्सर्जन आधी व वेगाने उतरविले पाहिजे आणि गरीब देशांना नुकसान सोसण्यास साह्य केले पाहिजे, ही मागणी सर्वथैव रास्त आहे. ती करताना आपण स्वतः २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा जो शब्द दिला आहे, तोही पाळला पाहिजे. तापी खोऱ्यापुरते पाहावयाचे तर १० मे २०२५ रोजी मध्यप्रदेश व महाराष्ट्र या दोन राज्यांनी तापी महापुनर्भरण योजनेच्या करारावर सह्या केल्या. सुमारे ३१ अब्ज घनफूट पाणी वळवून ते सातपुड्याच्या त्याच सच्छिद्र पट्ट्यात मुरविण्याचा तिचा संकल्प आहे. १६१५ च्या माणसांनी मुरलेले पाणी धरले. आता मुरविण्याचेही काम माणसालाच करावे लागत आहे. विस्थापितांचा व अरण्याचा विचार न्यायबुद्धीने करून अशी कामे पुरी व्हावीत. परंतु उपसा तसाच अमर्याद राहिला तर कोणतीही योजना पुरी पडणार नाही, हेही दोन्ही राज्यांनी आपल्या रयतेला स्पष्ट सांगावे.

यास्तव वाचकांना, विशेषतः तापीच्या दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांना, एवढीच विनंती, की प्रत्येक गावाने आपल्या विहिरींची पातळी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर मोजावी, तिची नोंद ग्रामसभेत वाचून दाखवावी, आणि पुढच्या वर्षी किती बाग लावावयाची हे त्या नोंदीवरून ठरवावे. केळीला ठिबक, डोंगराला झाड, नाल्याला बांध आणि पंपाला सूर्याची वीज, या चार गोष्टींसाठी सरकारकडे आग्रह धरावा आणि स्वतःही हात लावावा. पृथ्वीचा ताळेबंद एका गावाला जुळविता येणार नाही. पण आपल्या गावचा जुळविल्याखेरीज तो कोणालाच जुळविता येणार नाही.